तारेआतली जाऊ

सोजर लग्न होऊन माळावर आली त्या दिवशीच धोंडुबाईची नजर तिच्या नखांवर गेली होती. ओवाळून झाल्यावर रीतीप्रमाणं थोरल्या जावेनं धाकटीचे हात हातात घेतले, तर नखं कापलेली, धुतलेली, शाळेतल्या पोरीसारखी. पारध्याच्या बाईची नखं अशी नसतात. फासाच्या दोऱ्या वळून, कंद उकरून आणि पाखरं सोलून ती फाटलेली असतात, त्यात माती कायमची बसलेली असते. धोंडुबाईनं ते हात जरा लवकरच सोडले आणि आपले लुगड्याच्या ओच्यात पुसले. का पुसले ते तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं.

हे चौसष्ट सालचं. कोल्हापूरहून कागलला जाताना रस्त्याच्या उजव्या हाताला एक उघडा, गवताळ माळ लागे. त्या माळाच्या टोकाला फासेपारध्यांची वीसेक खोपटं होती. धोंडुबाईचा नवरा आकाराम तिथल्या पंचांतला मुख्य. त्याचा धाकटा भाऊ सयाजी. आई गेली तेव्हा सयाजी रांगत होता. त्याला धोंडुबाईनंच वाढवला. आपल्या लेकाच्या आधी त्याच्या तोंडात घास घातला. तो सयाजी लावे-तितर विकायला इचलकरंजीच्या बाजाराला जायचा, तिथं मागावर काम करणाऱ्या बाळासो नावाच्या पारध्याशी त्याची ओळख झाली, आणि त्याच्या बहिणीशी, म्हणजे सोजरशी, त्यानं परस्पर सोयरीक ठरवून टाकली. आकारामनं मान डोलावली. धोंडुबाईला कुणी विचारलंच नाही.

पोरगी पारध्याचीच होती, कुळ-गोत सगळं जुळत होतं. पण ती सेटलमेंटातली होती, आणि माळावर ही गोष्ट लहान नव्हती.

धोंडुबाईचा बाप संस्थानात वाढलेला. महाराजांनी पारध्यांची हजेरी माफ केली, त्यांना राखणीच्या नोकऱ्या दिल्या, शिकारखान्यात घेतलं, तेव्हा तो ऐन उमेदीत होता. पण संस्थानाची हद्द संपली की इंग्रजांचा मुलूख लागे, आणि तिथं कायदाच असा होता की पारध्याचं पोर जन्मतःच चोर. पोलीस येत, पालंच्या पालं उठवत आणि बायकापोरांसकट तारेच्या कुंपणाआत, सेटलमेंटात, नेऊन टाकत. आत सकाळ-संध्याकाळ हजेरी, बाहेर जायचं तर पास. एका ओढ्याच्या अलीकडं मोकळा पारधी, पलीकडं कोंडलेला. दोन्हीकडं एकाच रक्ताची माणसं. साहेब गेला, पुढं कायदाही गेला, तारा निघाल्या; आतली माणसं बाहेर आली, कुणी मागावर गेली, कुणी गिरणीत. पण माळावरची म्हातारी माणसं त्यांच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणत. ती बोली विसरलेली, देव विसरलेली, आणि मुख्य म्हणजे आपल्याच माणसाचं नाव पोलिसाला देणारी, असं म्हणत. ‘आमी तारंआत गेलो न्हाय’ हे सांगताना धोंडुबाईची मान ताठ होई. तिच्याकडं दागिना नव्हता, जमीन नव्हती. तेवढं एक वाक्य होतं.

आणि होती वाटणीची परात. माळाचा नेम असा की कुणाच्याही फासात काही सापडो, ते शिजायच्या आधी परातीत यायचं. थोरल्या घरच्या बाईनं ते वाटायचं. पहिला वाटा आंधळ्या-पांगळ्यांचा, मग रांडमुंड बाईचा, मग पोटुशीचा, मग चुलीमागं एकेक. वाटणारीचा शेवटी. कितीदा धोंडुबाईच्या वाट्याला नुसता रस्सा उरायचा, आणि तो पिताना तिला जे सुख वाटे ते पोटभर मटण खाणाऱ्याला कधी वाटलं नसेल. फासाचेही असेच नेम होते. अंड्यावरची मादी सोडायची, हंगामातलं पहिलं पाखरू देवीच्या नावानं सोडायचं. हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. धोंडुबाईच्या तोंडी होतं.

सोजरला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला पारध्यांची बोलीसुद्धा धड येत नव्हती. आत शाळेत बोलीतला शब्द निघाला की छडी बसे, त्यामुळं ती कानडीचा हेल असलेली मराठी बोले. धोंडुबाईला हे कळलं तसं ती तिच्यासमोर मुद्दाम बोलीतच बोलू लागली. बायका हसत, सोजर नुसती बघत राही आणि मग उठून भांडी घासायला घेई. पहाटे उजाडायच्या सुमाराला ती खोपटातून बाहेर येई, केस बांधलेले, पदर नीट, आणि दारात क्षणभर सरळ उभी राही, हात अंगालगत. मग कामाला लागे. तिला स्वतःला ते कळतही नसावं. हजेरीला उभं राहायची अंगातली सवय ती. धोंडुबाई तिची नक्कल करून दाखवी आणि बायकांना हसवी.

पण हसून हसून माणूस किती हसणार? सोजरनं सहा महिन्यांत वस्तीतल्या पोरांची नखं कापली. जुन्या लुगड्यांची झबली शिवली. पोरं तिच्या दारात बसू लागली. आंधळी बाळीआजी, जिला आजवर धोंडुबाईशिवाय कुणी विचारलं नव्हतं, ती काठी टेकत सोजरच्या खोपटाकडं जाऊ लागली, कारण सोजर तिच्या डोळ्यांत दवाखान्यातला थेंब घालायची.

मग धोंडुबाईच्या सुनेचं बाळंतपण आलं. माळावरची सगळी बाळंतपणं धोंडुबाई करी. पण हे अडलं. मूल आडवं होतं. दुपार कलली तरी सुटका होईना, पोरीचे डोळे फिरू लागले. सोजर दारात आली, तिनं एकदा बघितलं आणि सयाजीला रस्त्यावर पाठवून ऊस उतरवून परत निघालेला ट्रक थांबवला. कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, बाईबरोबर कोण आहे, तेव्हा धोंडुबाईच्या तोंडून शब्द फुटेना. पांढऱ्या कपड्यांतल्या माणसापुढं ती भिंतीला सरकली. सोजरनं पुढं होऊन सगळं नीट सांगितलं. पोर वाचलं, बाळंतीण वाचली. नर्सनं बाळ आणलं ते सोजरच्या हातात दिलं, कारण तीच पुढं उभी होती.

नातू झाल्याचा आनंद धोंडुबाईला झाला, नाही असं नाही. पण त्या पोराला पहिल्यांदा कुणी हातात घेतलं हे ती विसरू शकली नाही. पुढं सून काही लागलं की सोजरला हाक मारी. ‘धाकल्या आत्याबाई’ म्हणे. प्रत्येक हाकेला धोंडुबाईच्या छातीत काहीतरी आवळे, फासाची गाठ पाखरानं ओढ घेतली की आवळते तशी.

सोजरचं वाईट एवढंच की तिला वाटणी कळेना. तिनं सयाजीला सांगितलं, फास तू लावलास, उन्हात तू बसलास, मग पाखरं तुझी. आत तिनं तेच पाहिलं होतं. ज्यानं जितकं कापड विणलं तितकी त्याची मजुरी, शेजारी उपाशी असला तरी त्याचा तो. ती काही हावरी नव्हती. दारात आलेल्या पोराला तिनं कधी रिकाम्या हातानं पाठवलं नाही. पण देणं वेगळं आणि वाटा वेगळा, हे तिला माहीत नव्हतं. सयाजी लावे टोपलीत घालून थेट कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या बाजारात नेऊ लागला. हॉटेलवाले सगळंच घेत, म्हणून मादी सोडायचं राहिलं. त्याचं बघून दुसऱ्यांनी तेच केलं. परातीत येणारं शिकारीचं मांस महिन्यामहिन्यानं घटत गेलं. धोंडुबाईनं आकारामजवळ गाऱ्हाणं केलं, तर तो चिलीम झटकत म्हणाला की दिवस बदललेत, पोरांना कपडे लागतात, मीठ-मिरची लागते. तिला दिसत होतं की नवराही धाकटीनं शिवलेली बंडी घालून बसला आहे.

अडुसष्ट सालच्या दसऱ्यात देवीचा बोकड कापला. वर्षातून तेवढं एक मांस मात्र परातीत यायलाच हवं होतं. सोजरचा भाऊ बाळासो इचलकरंजीहून सणाला आला होता. सगळे गोल बसले, धोंडुबाई पदर खोचून परातीपाशी गेली, आणि आकाराम सगळ्यांसमोर म्हणाला,

“अवंदा धाकटीला वाटू दे. तिचा हात सरळ हाय.”

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. धोंडुबाईचे गुडघे दुखत, वाकायला त्रास होई, हे त्याला दिसत होतं. सोजर पदर पुढं ओढून मागं सरली, नको म्हणाली, थोरल्या असताना कसं म्हणाली. बायकांनीच तिला पुढं ढकललं. तिनं भीत भीत वाटे घातले. बाळीआजीला पहिला द्यायचा हे कुणीतरी सुचवलं. शेवटी परातीत चांगला मोठा वाटा उरला, कारण तिनं खरंच नीट मोजूनमापून वाटलं होतं, आणि तो तिनं आपल्याला न ठेवता धोंडुबाईच्या पुढ्यात आणून ठेवला.

“आक्का, तुमी घ्या,” ती म्हणाली.

तो वाटा धोंडुबाईनं खाल्ला नाही. लेकाला दिला. आजवर ती देणारी होती. त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी तिला दिलं होतं, तेही सगळ्यांच्या देखत, चांगुलपणानं.

त्याच आठवड्यात जवळच्या गावातल्या एका ऊसवाल्याच्या विहिरीवरचं इंजिन चोरीला गेलं. पारध्याला इंजिन घेऊन काय करायचं? पण त्या भागात सुई हरवली तरी पोलीस आधी माळावर येत. आले आणि आकाराम, सयाजी आणि आणखी चार बाप्ये उचलून चौकीवर नेले. बाळासो तेवढा नेमका आंघोळीला ओढ्यावर गेला होता म्हणून सुटला.

अशा वेळी काय करायचं हे माळाला ठाऊक होतं. कुणी कुणाचं नाव घ्यायचं नाही. बायकांनी भाकरी बांधून घ्यायच्या आणि चौकीसमोर झाडाखाली जाऊन बसायचं. पोलीस मारत, शिव्या देत, शेवटी कंटाळून सोडत. आणि चोरी खरंच आपल्यातल्या कुणाची असली, तर तो घरी आल्यावर देवीसमोर स्वतःच्या तोंडानं सांगे आणि पंच माल परत पोचवत. पारध्याचा गुन्हा पारध्यानं सांगायचा, तोही आपल्या पंचात आणि स्वतःचाच. धोंडुबाई तरुणपणापासून अशी किती वेळा झाडाखाली बसली होती. एकदा हवालदारानं तिच्या केसांना धरून ओढलं होतं, तरी तिनं तोंड उघडलं नव्हतं. ते ती सुनांना सांगत असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चौकीकडं निघायच्या आधी, ती रस्त्याकडच्या विहिरीवर पाण्याला गेली. हवालदार सायकल लावून कडुनिंबाखाली उभा होता. ओळखीचा माणूस. त्यानं तिला नावानं हाक मारली. नवरा आत आहे, दीर आत आहे, एक नाव मिळालं की सगळ्यांना सोडतो, असं नेहमीचंच बोलला. मग विचारलं,

“वस्तीवर नवीन कोण आलंय?”

धोंडुबाईनं घागर भरायला लावली. दोर ओढताना तिला लांबून खोपटं दिसत होती. सोजर दारात बसून बाळीआजीच्या डोळ्यांत औषध घालत होती. शेजारी सून उभी होती, नातू सोजरच्या मांडीवर. पलीकडं बाळासो लाकडं फोडत होता. सुखी घर दिसत होतं ते, आणि ते धोंडुबाईचं नव्हतं.

“नवीन कोण न्हाय,” ती म्हणाली. मग घागर काखेला घेता घेता म्हणाली, “धाकटीचा भाऊ तेवढा आलाय. सेटलमेंटातला हाय त्यो.”

एवढंच. त्यानं चोरी केली असं ती म्हणाली नाही. म्हणायची गरज नव्हती. कायदा जाऊन इतकी वर्षं झाली तरी पोलिसाच्या कानाला ‘सेटलमेंट’ हा एकच शब्द पुरे होता, आणि हे तिला पुरतं ठाऊक होतं. हवालदारानं सायकल काढली. धोंडुबाई घरी चालत आली तेव्हा तिला हलकं वाटत होतं. खोटं कशाला, चांगलं वाटत होतं.

तासाभरात बाळासोला नेलं. दुपारी आकाराम, सयाजी आणि बाकीचे सुटून आले. बाळासो चार दिवसांनी आला. त्याचा उजवा हात मनगटात मोडला होता आणि तो वाकडाच बसला होता. मागावर धोटा फेकणाऱ्या माणसाचा उजवा हात गेला म्हणजे माणूसच गेला. त्यानं काही कबूल केलं नव्हतं, कबूल करण्यासारखं काही नव्हतंच. पण त्याला एवढं कळलं होतं की नाव वस्तीतून गेलं. हवालदार मारताना तसं बोलला होता.

माळावर पंच बसले. असं कधी घडलं नव्हतं. पोलिसाला नाव देणारं माणूस माळावर निपजलं नव्हतं. आकारामचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यानं विचारलं, नाव कुणी दिलं? आणि मग एकेकाची मान वळली आणि सगळ्यांचे डोळे सोजरवर गेले.

कुणी आधी म्हटलं ते नंतर कुणाला आठवेना. पण म्हटलं असं, की नवरा सोडवायला हिनं भाऊ दिला. सेटलमेंटात हेच तर शिकवत. बाळासो पकडला गेला आणि सयाजी सुटला, यात सगळं आलं. बायका, ज्यांच्या पोरांना तिनं झबली शिवली होती, त्याही माना हलवू लागल्या. बाळासो म्हणाला की माझी बहीण असं करणार नाही, पण तोही तारेआतलाच, त्याचं कोण ऐकतं?

आकारामनं देवीचं गाठोडं, ज्यात तिचा टाक बांधून ठेवलेला असे ते, पुढं ठेवायला सांगितलं. सोजरनं त्याच्यासमोर शपथ घ्यावी, मग एकेक करून सगळ्यांनी घ्यावी, असं ठरलं. धोंडुबाईनं बसलेल्या बायका मोजल्या. आता सोजर शपथ घेणार, मग तिच्या शेजारची, मग धोंडुबाईची पाळी. देवीसमोर खोटं बोलायची तिची छाती नव्हती.

सोजर उठली. तिनं गाठोड्याकडं बघितलं, मग सगळ्या बायकांवरून एकदा नजर फिरवली. धोंडुबाईवर ती नजर थांबली की नाही, सांगता येत नाही.

“मी शपथ घेत न्हाय,” ती म्हणाली आणि खाली बसली.

मग विचारायचं काही उरलं नाही. पंचांनी तिची चूल तोडली. तिच्या हातचं पाणी कुणी प्यायचं नाही, तिच्या दारात पोरांनी जायचं नाही. सयाजी ताडकन उठला, तिला एकटीला नाही, दोघांनाही तोडा म्हणाला. आकारामनं भावाकडं न बघता मान हलवली. धोंडुबाईला कुणी शपथ घ्यायला सांगितलं नाही. ती थोरली होती, संस्थानातल्या पारध्याची लेक होती. तिच्यावर कुणाचा संशय कसा जाईल?

दुसऱ्या दिवशी सयाजीनं सामान बांधलं. गडहिंग्लजला एका वसतिगृहाला स्वयंपाकाला बाई हवी होती, तिकडं ते निघाले, बाळासोला घेऊन. सयाजी वहिनीच्या पाया पडायला आला नाही. सोजर आली. धोंडुबाई एकटी चुलीपाशी होती. सोजर उंबऱ्याबाहेरच थांबली, कारण आत यायला तिला बंदी होती, आणि वाकून जमिनीला हात लावून तिनं नमस्कार केला.

“आक्का,” ती हळू बोलली, “माझा बा आत मुकादम हुता. दर ऐतवारी साहेब त्येला इचारायचा, तारंभायेर कोण गेलतं. नाव सांगून बा घरात यायचा तवा पाय वाजू द्यायचा न्हाय. लई हलकं हलकं चालायचा. आमी पोरं त्येच्या चालण्यावरनं वळखायचो. एकदा त्येनं सख्ख्या भावाचं नाव दिलतं.” ती जरा थांबली. “त्या दिशी तुमी हिरीवरनं तशाच आला.”

धोंडुबाईनं फुंकणी खाली ठेवली. ती म्हणाली,

“मग पंचात का बोलली न्हाईस?”

“बोलले असते तर नाव दिल्यागत झालं असतं की. शपथ घेतली असती तरी पाळी फिरत तुमच्यावर आलीच असती. मी न्हाय कुणाचं नाव देत. तारंतनं भायेर आलो त्या दिशी ठरवलंय मी.”

आणि ती गेली. शिव्या दिल्या नाहीत, रडली नाही, शापही दिला नाही. धोंडुबाई चुलीपाशी बसून राहिली. तिला पश्चात्ताप झाला असं सांगितलं तर ते अर्धंच खरं. खरं हे की तिच्या मनात पुन्हा तोच जळफळाट उठला, पहिल्यापेक्षा मोठा. नखं घे, झबली घे, नातू घे, परात घे. पण कुणाचं नाव न देणं, हे तर माझं होतं. माझ्या बापाचं होतं. ते मी हातानं टाकलं आणि हिनं उचललं. तारेत वाढलेली असून ही माळावरची निघाली, आणि माळावर वाढून मी कुठली झाले?

वर्षाच्या आत कळलं की इंजिन मालकाच्या मेव्हण्यानंच निपाणीकडं विकलं होतं. दूध घालणारा गवळी सांगून गेला. पोलीस काही सांगायला आले नाहीत.

परात पुन्हा धोंडुबाईकडं आली. पण परातीत घालायला काही येईना. बहात्तरचा दुष्काळ झाला, मग पाखरं धरायला सरकारनं बंदी आणली. गोकुळ शिरगावकडं कारखाने उभे राहिले, माळावरची पोरं राखणीला, भट्टीवर, हमालीला जाऊ लागली. बाळीआजी वारली. नवा हवालदार आला, आणि वस्तीतली दोन पोरं उघड उघड त्याच्याबरोबर चहाला बसू लागली. कुणाच्या घरी काय चाललंय ते त्याला सांगत आणि त्या बदल्यात स्वतः सुटत. त्यांना कुणी पंचात बोलावलं नाही. गडहिंग्लजकडून बातम्या येत: सोजर तिथल्या पोरींची आक्का झाली आहे, तिचा शब्द वसतिगृहात चालतो, बाळासोला तिनं तिथंच वॉचमन म्हणून चिकटवलं आहे. बातमी आणणाऱ्याला धोंडुबाई पाणी द्यायची आणि उठून आत जायची.

हे ओझं तिनं नऊ वर्षं वागवलं. सत्त्याहत्तरच्या दसऱ्यात, देवीची पूजा झाल्यावर, ती सगळ्यांसमोर उभी राहिली. जुन्या नेमाप्रमाणं डोक्यावरचा पदर काढून तिनं देवीच्या गाठोड्यापुढं ठेवला आणि म्हणाली,

“बाळासोचं नाव मी दिलतं. सोजरनं न्हाय. मला जळत हुतं म्हनून दिलं.”

तिला वाटलं होतं, आभाळ कोसळेल. म्हातारे ओरडतील, बायका थुंकतील, तिची चूल तुटेल. ती त्यासाठी तयार होऊन आली होती. रात्रभर जागून आपलं भांडंसुद्धा तिनं वेगळं काढून ठेवलं होतं.

पंचांत आता दोनच म्हातारे उरले होते. बाकीची पोरं. एकजण मनगटावरचं घड्याळ बघत होता, त्याला कारखान्यातली पाळी गाठायची होती. चुळबूळ झाली. मग कुणीतरी समजुतीच्या सुरात म्हणालं, जाऊ दे, आक्का, जुनी गोष्ट हाय. दुसरा म्हणाला, नाव कोण देत न्हाय आता? पोलिसाला काहीतरी सांगावंच लागतं. तिला कुणीतरी हाताला धरून खाली बसवलं, पाणी दिलं. तिनं शिक्षा मागितली. पोरं एकमेकांकडं बघून गालात हसली, म्हातारीचं डोकं फिरलंय म्हणून. आणि वाटणी सुरू झाली.

धोंडुबाई पदर उचलायचाही विसरली. सोजरला शिक्षा झाली तेव्हा शिक्षा देणारे होते. सगळा माळ गोल बसला होता, माणसांचे चेहरे उतरले होते, देवी मध्ये होती. एका नावाची तेव्हा तेवढी किंमत होती. सोजरनं न केलेल्या गुन्ह्याला जो मान मिळाला, तो धोंडुबाईच्या खऱ्या गुन्ह्याला कुणी द्यायला तयार नव्हतं. तिला सोजरच्या शिक्षेचाही हेवा वाटला.

फक्त आकाराम जेवला नाही. त्याच्या पुढ्यातला वाटा तसाच राहिला. भावाची चूल त्यानं स्वतःच्या तोंडानं तोडली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं धोतर-कोपरी एका फडक्यात बांधली, काठी घेतली आणि तो रस्त्याकडं निघाला. धोंडुबाई त्याच्या मागं थोडं अंतर गेली. तो तिच्याकडं वळला नाही. गडहिंग्लजची एसटी आली, थांबली आणि त्याला घेऊन गेली.

तो आठ दिवसांत येईल असं लेकाला वाटलं. दिवाळी झाली तरी आला नाही. पुढं एका ओळखीच्या माणसाकडून कळलं की सयाजी आधी भावाशी बोलायलाच तयार नव्हता. सोजरनं पदर पुढं ओढून थोरल्या दिराला आत बसायला पाट दिला. आता आकाराम वसतिगृहाच्या आवारातली झाडं राखतो, बाळासोबरोबर फाटकावर बसतो, बोलतो मात्र कमी.

धोंडुबाई माळावर एकटीची चूल पेटवते. लेक-सून पलीकडं पत्र्याच्या घरात राहतात, बोलावतात, ती जात नाही. संध्याकाळी एकच भाकरी थापते. तवा उतरवताना तिच्या डोळ्यांपुढं दुसरंच एक ताट येतं: आकाराम मांडी घालून बसला आहे, आणि कापलेल्या, स्वच्छ नखांचा एक हात त्याच्या ताटात गरम भाकरी टाकतो आहे. मग तिचा घास तोंडातच फिरत राहतो.